विश्लेषण : पोटात ‘बँड’ बसला, पुढे काय? वडापाव, उपवास आणि लोकलच्या धावपळीत आहार कसा सांभाळायचा?

वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बँड बसवण्याची शस्त्रक्रिया साधारण तासाभरात आटोपते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. बँड असलेल्या माणसाने सावकाश, थोडे आणि ठरलेल्या वेळी जेवणे अपेक्षित असते. बदलापूर पश्चिमेतील सोनिवलीसारख्या भागातून रिक्षा, मग लोकल आणि पुन्हा बस असा प्रवास करून मुंबईत नोकरी करणाऱ्यांना नेमके हेच जमत नाही. बँड भूक कमी करायला मदत करतो. सवयी बदलण्याचे काम मात्र रुग्णालाच करावे लागते. ते कसे करायचे, काय टाळायचे आणि कोणत्या खुणा दिसल्यावर थांबायचे नाही, याचा हा आढावा.

गॅस्ट्रिक बँड म्हणजे नेमके काय?

गॅस्ट्रिक बँड म्हणजे सिलिकॉनची एक कडी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती जठराच्या वरच्या भागाभोवती बसवली जाते. त्यामुळे कडीच्या वर एक छोटी पिशवी तयार होते. तिची क्षमता साधारण १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन मोठे चमचे एवढीच असते. खाल्लेला घास आधी या पिशवीत येतो आणि अरुंद वाटेने हळूहळू खाली जठरात उतरतो. त्यामुळे थोडक्या अन्नातही पोट भरल्याची जाणीव होते.

कडीच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते. तिला जोडलेली बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या बटणासारख्या ‘पोर्ट’पर्यंत येते. पोर्टमध्ये खास सुई टोचून सलाईन भरले की बँड घट्ट होतो, काढले की सैल होतो. यात जठर कापले जात नाही, आतड्यांची वाटही बदलली जात नाही. गरज पडली तर बँड काढता येतो. स्लीव्ह किंवा बायपास या दुसऱ्या शस्त्रक्रियांपेक्षा बँड वेगळा ठरतो तो इथेच.

आता बँड कमी का बसवले जातात?

दुर्बिणीतून असा बँड बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि पुढची दहा वर्षे बँडची लोकप्रियता वाढत गेली. २०११ मध्ये अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एकूण शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३५ टक्के बँडच्या होत्या. २०१९ पर्यंत हा वाटा एक टक्क्याच्या खाली आला. वजन तुलनेने कमी उतरते, तपासणीसाठी वारंवार जावे लागते आणि काही वर्षांनी अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, ही त्याची कारणे.

महाराष्ट्रात वजनाच्या शस्त्रक्रियेची घरोघरी चर्चा झाली ती दोन प्रसंगांनी. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया बँडची नव्हती, स्लीव्हची होती. आज आपल्याकडेही स्लीव्ह आणि बायपास याच प्रमुख शस्त्रक्रिया आहेत.

मग बँडविषयी बोलायचे कशाला? कारण ज्यांच्या शरीरात तो आधी बसला आहे, त्यांना तो असेपर्यंत सांभाळावाच लागतो. शिवाय चावून खाणे, प्रथिने आधी खाणे, जेवताना पाणी न पिणे हे नियम स्लीव्ह आणि बायपासच्या रुग्णांनाही बऱ्याच अंशी लागू पडतात.

शस्त्रक्रिया कोणासाठी? विमा मिळतो का?

वजन उंचीच्या प्रमाणात किती आहे हे ‘बीएमआय’ या आकड्यावरून ठरते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांच्या २०२२ च्या सूचनांनुसार बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. आशियाई लोकांमध्ये कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार करावा, असे या सूचना सांगतात.

विम्याचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण १८ वर्षांवरील हवा आणि बीएमआय किमान ४० हवा. तो ३५ असेल तर सोबत गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह यांसारखा आजार असावा लागतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी बीएमआय ३५ म्हणजे सुमारे ९० किलो, तर ४० म्हणजे सुमारे १०२ किलो. त्यामुळे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली म्हणजे विमा कंपनी पैसे देईलच, असे नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पॉलिसीतील ही अट आणि प्रतीक्षा कालावधी वाचून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर बँड घट्ट-सैल करण्याचा खर्च विम्यात बसतो का, हेही तेव्हाच लेखी विचारावे.

पहिले सहा आठवडे काय खायचे?

बँड जागेवर स्थिर व्हायला वेळ लागतो. या काळात घाईने घट्ट अन्न खाल्ले, उलट्या झाल्या तर बँड सरकू शकतो. म्हणून आहार पायरी-पायरीने वाढवला जातो. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण ढोबळ क्रम असा :

• पहिले एक-दोन आठवडे, फक्त पातळ : वरणाचे वरचे पाणी, गाळलेले सूप, पातळ ताक, साय काढलेले दूध, डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. एकेक घोट, दिवसभर.

• पुढचे दोन आठवडे, मिक्सरमधून काढलेले : घोटलेले वरण, दही, मूगडाळीची पेज, वाटलेली भाजी. गुठळी राहता कामा नये.

• त्यानंतरचे दोन आठवडे, मऊ : मऊ शिजवलेली मूगडाळीची खिचडी, उकडलेले अंडे कुस्करून, मऊ पनीर, काटे काढलेला मासा, दुधीची भाजी.

• साधारण सहाव्या आठवड्यानंतर : नेहमीचे घट्ट अन्न, पण नव्या पद्धतीने.

‘मला काही त्रास होत नाही, म्हणजे आता पोळी खायला हरकत नाही’ असे म्हणून पायरी ओलांडण्याची चूक याच काळात होते. त्रास होत नाही याचे कारण बँड अजून पुरेसा भरलेला नसतो. बरेचदा पहिल्यांदा सलाईन भरले जाते तेच चार ते सहा आठवड्यांनी. तोपर्यंत भूक परत आल्यासारखी वाटली तर घाबरू नये. बँड निकामी झाला असा त्याचा अर्थ नाही.

नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर नियम कोणते?

• दिवसातून तीन वेळा जेवण. एका वेळी साधारण एक लहान वाटीभर.

• घास लहान, करंगळीच्या नखाएवढा. तो तोंडात पातळ होईपर्यंत, निदान २० वेळा चावायचा.

• घास गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा. जेवणाला २० मिनिटे तरी लागली पाहिजेत, पण अर्ध्या तासापुढे ताटावर रेंगाळायचे नाही. पिशवी रिकामी होत राहते आणि खाणे वाढत जाते.

• पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबायचे. छातीच्या मध्यभागी दाब, उचकी, नाक वाहणे अशा खुणा काहींना जाणवतात. ‘एकच घास उरलाय’ तोच अडकतो.

• जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा ते एक तास थांबून मग घोट-घोट प्यायचे.

• सोडा, कोल्ड्रिंक, बिअर यांसारखी फसफसणारी पेये टाळायची.

• ताटात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भात किंवा पोळी.

हा शेवटचा नियम मराठी जेवणाला सगळ्यात अवघड जातो. आपल्या ताटाचा मध्य पोळी आणि भात असतो. वरण, उसळ, अंडे कडेला असते. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य दिले जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि वाटीभर शिजलेल्या डाळीत साधारण ५ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. केवळ डाळीवर विसंबायचे तर आठ-दहा वाट्या लागतील. इथे तर दिवसभरात मिळून तीनच लहान वाट्या पोटात जाणार. म्हणून शाकाहारी घरांत पनीर, दही, सोयाबीन आणि गरज असेल तर प्रथिनांची पावडर यांचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून बसवून घ्यावा लागतो.

आपल्या खाण्यातले काय अडकते, काय उतरते?

बँडसाठी पदार्थ जड की हलका यापेक्षा तो तोंडात कसा होतो, हे महत्त्वाचे.

• पाव : सगळ्यात जास्त अडकणारा पदार्थ. मऊ पाव लाळेत भिजून कणकेच्या गोळ्यासारखा होतो आणि बँडच्या तोंडाशी बसतो. वडापाव, मिसळपाव, पावभाजी यांतला पाव म्हणूनच अनेकांना कायमचा सोडावा लागतो. मिसळीतील मटकीची उसळ तर्रीशिवाय, चांगली शिजवून खाता येते.

• भात : चिकट, गोळा होणारा भात अडकतो. मोकळा भात वरणासोबत, दोन-तीन चमचे. आधी डाळ, मग भात.

• पोळी-भाकरी : गरम मऊ पोळी पावासारखीच गोळा होते. कडेने कडक भाजलेली पोळी किंवा भाकरी लहान तुकड्यांत, नीट चावून अनेकांना जाते. दूध-भाकरी किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी सहज उतरते. पण सहज उतरते म्हणूनच जास्त खाल्ली जाते आणि पोट लवकर रिकामे होते.

• मांसाहार : मासे आणि अंडी सोपी. कोरडे चिकन आणि मटणाचे रेषेदार तुकडे अवघड. खिमा त्या मानाने बरा.

• भाज्या-फळे : शेवग्याच्या शेंगेचा चोथा, पालेभाजीचे दांडे, संत्र्याच्या फोडींची साल, सुके खोबरे अडकू शकते. बदलापूर परिसरातील जांभळे हंगामात खायला हरकत नाही. बी काढून, एक-एक, साल नीट चावून. मधुमेह असेल तर तो हिशेबही धरावा.

• पोहे-उपमा : मऊ, ओलसर असतील तर जातात. कोरडे पोहे घशाशी बसतात.

एखादा पदार्थ एकदा अडकला म्हणून तो कायमचा बाद होत नाही. काही आठवड्यांनी थोड्या प्रमाणात, घरी, निवांत वेळी पुन्हा करून पाहता येतो. नवा पदार्थ पहिल्यांदा लग्नाच्या पंगतीत किंवा ऑफिसात मात्र खाऊ नये.

बँडला चकवणारे पदार्थ कोणते?

बँड घट्ट अन्न अडवतो. पातळ आणि वितळणारे अन्न अडवत नाही. आमरस, श्रीखंड, बासुंदी, लस्सी, आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट, साखरेचा चहा हे सगळे बँडमधून विनासायास निघून जाते. त्यातून उष्मांक मिळतात, पोट मात्र भरत नाही. चिवडा, वेफर, बिस्किटेही तोंडात विरघळून याच वाटेने जातात.

इथेच अनेकांचे वजन अडते. बँड फार घट्ट झाला की भाकरी-भाजी खाताना त्रास होतो. मग माणूस नकळत मऊ आणि गोड पदार्थांकडे वळतो. जेवण कमी झालेले दिसते, वजनकाटा मात्र हलत नाही. अशा वेळी ‘बँड आणखी घट्ट करा’ ही मागणी उलटी ठरते. कधीकधी तो थोडा सैल करून घट्ट अन्न पुन्हा सुरू करणे हा उपाय असतो.

लोकलने प्रवास करणाऱ्यांनी दिवस कसा आखावा?

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. लोकलचेच सुमारे दीड तास, त्याआधी सोनिवलीहून स्टेशनची रिक्षा आणि पुढे ऑफिसपर्यंतचा टप्पा. एका बाजूने दोन-सव्वादोन तास सहज जातात. बँड असलेल्यांनी या दिवसाची आखणी आदल्या रात्रीच करावी.

सकाळ : अनेक रुग्णांना बँड सकाळी अधिक घट्ट जाणवतो. उठल्या उठल्या पोळी-भाजी पोटात ढकलून गाडी पकडण्याची सवय त्यामुळे धोक्याची. आधी कोमट पाणी किंवा बिनसाखरेचे दूध, थोड्या वेळाने दही, मऊ अंडे किंवा मूगडाळीचे मऊ धिरडे. तेवढा वेळ नसेल तर प्रथिनांचे पेय घेऊन निघावे आणि ऑफिसला पोहोचल्यावर नाश्ता करावा.

गाडीत : काही खाऊ नये. गर्दीत नीट चावता येत नाही आणि घास अडकला तर उतरायला जागा नसते. पाण्याचे घोट मात्र घेत राहावे. उन्हाळ्यात बदलापूर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो. एका दमात ग्लासभर पाणी पिणे बँडमुळे शक्य नसते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. बाटलीवर खुणा करून ठराविक तासांत ठराविक पाणी संपवणे सोपे जाते.

दुपार : घरचा डबा, पण लहान. एक छोटा डबा प्रथिनांचा, एक भाजीचा. जेवणाच्या सुटीतली पहिली २० मिनिटे फक्त जेवणाची. फोन आणि गप्पा नंतर.

संध्याकाळ : सगळ्यात निसरडा वेळ. पाच-सहा तास पोट रिकामे, समोर स्टेशनबाहेरची वडापावची गाडी आणि घरी पोहोचायला नऊ. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच झोपले की अन्न आणि आम्ल वर येते, रात्री खोकला सुटतो. त्यापेक्षा संध्याकाळचे मुख्य जेवण ऑफिसमधून निघण्याआधी, सहा-साडेसहाला डब्यातूनच घ्यावे आणि घरी आल्यावर सूप किंवा ताकावर भागवावे. ज्यांना घरच्यांसोबतच जेवायचे आहे त्यांनी निघताना मूठभर नीट चावलेले भाजलेले चणे किंवा वाटीभर दही घ्यावे, म्हणजे रात्री ताटावर तुटून पडणे होत नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे.

चालणे : आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. स्टेशनच्या रिक्षाचा काही टप्पा पायी केला तरी त्यातला मोठा भाग भरून निघतो. जड वजन उचलणे मात्र सुरुवातीचे काही आठवडे, डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

दीक्षित, दिवेकर आणि उपवास : बँडसोबत जमते का?

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग आणि थोड्या थोड्या वेळाने घरचे अन्न खाण्याचा ऋजुता दिवेकरांचा मार्ग यांची तुलना होतेच. बँड असलेल्यांनी यातला कोणताही मार्ग स्वतःच्या मनाने लावून घेऊ नये. दोनदाच जेवायचे तर वाटीभर अन्नातून दिवसाची प्रथिने भरत नाहीत. दर दोन तासांनी खायचे तर पिशवी रिकामी होताच पुन्हा भरत राहते आणि बँडचा उपयोगच उरत नाही. तीन लहान जेवणे हा इथला मधला आणि ठरलेला रस्ता आहे.

उपवासाचे दोन प्रश्न आहेत. पहिला, साबुदाणा. तो चिकट असतो, गोळा होतो आणि त्यात प्रथिने जवळपास नसतात. एकादशीला खिचडीऐवजी दही, ताक, दूध, पनीर, मऊ शिजवलेली भगर असा पर्याय ठेवता येतो. दुसरा, निर्जळी उपवास. दिवसभराचे पाणी रात्री एकदम पिऊन भरून काढणे बँडमुळे शक्य नसते, म्हणून निर्जळी उपवास टाळावा. रोजा ठेवणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे आणि इफ्तारला खजूर, पाणी आणि जेवण यांत वेळ सोडावा.

बँड घट्ट-सैल कधी करायचा? औषधांचे काय?

पहिल्या वर्षात यासाठी अनेकदा डॉक्टरांकडे जावे लागते. लहान वाटीत पोट भरते, पुढचे काही तास भूक लागत नाही आणि आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो वजन उतरते, म्हणजे बँड योग्य घट्ट आहे. दोन तासांत पुन्हा भूक लागत असेल तर तो सैल आहे. अन्न वारंवार अडकते, रात्री खोकला येतो, आम्लपित्त वाढते, तर तो जास्त घट्ट आहे. सलाईन भरल्यावर एक-दोन दिवस पुन्हा पातळ आहारावर राहावे लागते. म्हणून सणाच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी ही भेट ठरवू नये.

‘त्रास नाही, मग रजा टाकून इतक्या लांब कशाला जायचे’ या विचाराने तपासण्या सुटतात. सोनिवलीच्या रुग्णासाठी ठाणे किंवा मुंबईतील केंद्रात जाणे म्हणजे एक पूर्ण दिवस आणि एका दिवसाचा पगार. म्हणूनच शस्त्रक्रिया कुठे करायची हे ठरवताना, पुढची काही वर्षे तिथे वारंवार जाणे जमेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

जेवण कमी झाले की मधुमेह आणि रक्तदाबाच्या जुन्या मात्रा जास्त ठरू शकतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या तशाच चालू राहिल्या तर साखर धोकादायक खाली जाते. मात्रा डॉक्टरांनी बदलायची, स्वतः नाही. मोठ्या गोळ्या अडकतात. पण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटून घेऊ नयेत, डॉक्टरांना सिरप किंवा दुसरा प्रकार विचारावा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगितल्या तितकी वर्षे घ्याव्यात. बाळाचा विचार असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. गरोदरपणात गरजेनुसार बँड सैल करता येतो.

धोक्याच्या खुणा कोणत्या?

घास अडकला, छातीत दाटून आले, तोंडात फेसासारखी लाळ जमू लागली तर खाणे लगेच थांबवावे. वरून पाणी पिऊ नये. त्याने घास खाली जात नाही, दाब वाढतो. उभे राहावे, थोडे चालावे. बहुतेक वेळा थोड्या वेळात बरे वाटते. तसे झाले तरी पुढचे जेवण पातळ ठेवावे.

मात्र पुढीलपैकी काही झाले तर घरी वाट पाहू नये :

• पाणी किंवा स्वतःची लाळही खाली उतरत नाही

• उलट्या थांबत नाहीत किंवा उलटीत रक्त दिसते

• पोटात किंवा छातीत अचानक तीव्र कळ, ताप, धाप

• पोर्टच्या जागी लाली, सूज, पू

• अनेक दिवस उलट्यांनंतर चालताना तोल जाणे, पायांत मुंग्या, नजर दुहेरी होणे. जीवनसत्त्व ब-१ संपत आल्याची ही खूण असू शकते

बँड सरकणे, वरची पिशवी फुगणे किंवा बँड जठराच्या भिंतीत रुतणे अशा गुंतागुंती वर्षांनंतरही होऊ शकतात. जवळच्या रुग्णालयात गेल्यावर ‘पोटात गॅस्ट्रिक बँड आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. बँड कोणत्या कंपनीचा, कधी बसवला, आत किती सलाईन आहे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा फोन, हे एका कार्डावर लिहून पाकिटात आणि मोबाइलमध्ये ठेवावे. पोर्टमधून पाणी काढायला खास सुई लागते, ती प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. पावसाळ्यात तर याला आणखी महत्त्व येते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. अशा दिवशी मुंबईतील रुग्णालय गाठणे शक्य नसते. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हे आधीच ठरलेले असावे.

घरच्यांनी काय करावे?

आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होते. ‘एवढंच?’, ‘माझ्यासाठी एक घास’, ‘सणाचं तरी गोड खा’ हा आग्रह मायेचा असतो. पण बँड असलेल्या माणसाला तो एक घास उलटीपर्यंत नेऊ शकतो. घरच्यांनी वाढून देण्याऐवजी त्याला स्वतः वाढून घेऊ द्यावे, लहान ताटली आणि लहान चमचा ठेवावा, आणि त्याचे जेवण संपेपर्यंत घाई करू नये. ‘ऑपरेशन केलं, मग अजून जाड कसा?’ हा प्रश्न तर टाळावाच. बँडने वजन हळूहळू, दीड-दोन वर्षांत उतरते. अतिरिक्त वजनातले साधारण ४० ते ५० टक्के कमी होणे हे चांगले यश मानले जाते.

ज्यांना कंटाळा, राग किंवा एकटेपणात खाण्याची सवय आहे, त्यांची ती सवय शस्त्रक्रियेने जात नाही. अशा वेळी समुपदेशकाची मदत घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

बँड काढावा लागला तर?

तो काढता येतो. मात्र त्यानंतर काहीच न बदलल्यास वजन बहुधा परत येते. काही रुग्णांमध्ये बँड काढून स्लीव्ह किंवा बायपास केला जातो. हा निर्णय तपासण्यांनंतरच होतो. दोन्ही परिस्थितींत हाती उरते ती या काळात लावून घेतलेली सवय : लहान घास, प्रथिने आधी, पाणी वेगळे आणि पोट भरले की थांबणे. बँड असो वा नसो, वजन टिकते ते या सवयींवर.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आहाराचा तक्ता, औषधांची मात्रा आणि व्यायाम आपल्या डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावा.)